सूचना : मुंबईतील टपाल तिकीट प्रदर्शनाचा प्रवास व मुक्काम

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, प्रदर्शनास येणाऱ्यांनी आपली नावे येत्या रविवारपर्यंत चिटणीसांकडे द्यावीत. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि सोलापूरहून मुंबईस जाणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जागा लवकर भरतात. उशिरा आलेल्या नावांसाठी मंडळ थांबणार नाही.

प्रदर्शनातील विशेष शिक्का (टपाल खात्याचा त्या प्रसंगापुरता खास ठसा) सहसा त्या-त्या दिवसापुरताच मिळत असल्याने, दुपारी मुंबईस पोहोचणाऱ्या वंदे भारतपेक्षा रात्रीची सिद्धेश्वरच आम्हांस सोयीची वाटते.

मुक्काम : फोर्ट परिसरात, दोघांस एक खोली. खर्च ज्याचा त्याने करावा.

मूळ ओळखपत्र सोबत असावे.

अल्बम हातातील पिशवीतच ठेवावेत. सोलापूरच्या कोरड्या हवेत सुरक्षित राहिलेल्या तिकिटांचा डिंक मुंबईच्या दमटपणात चिकटू शकतो, म्हणून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या अवश्य घ्याव्यात.

– चिटणीस