पहिले तीन दिवस सांभाळ

प्रिय मित्रा,

घरी बिअर करायला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवट चव देणारी फुलं), यीस्ट सगळं आणून ठेवलंयस हे वाचून फार आनंद झाला. आता मी तुझ्या मागे एकाच गोष्टीसाठी लागणार आहे, ती म्हणजे तापमान.

खोली 21 अंशांवर असते म्हणजे एलला, म्हणजे जरा उबेत आंबणाऱ्या बिअरला, चालेल, असं तू लिहिलंस. तिथेच मला काळजी वाटते. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता बाहेर पडते. फसफस ऐन भरात असताना आतली बिअर खोलीपेक्षा सहज 3 ते 5 अंश गरम होते. म्हणजे तुझी बिअर 25 च्या घरात जाणार. इतक्या उष्णतेत नेहमीचं एल यीस्ट फळांचा वास देणारी एस्टर्स वाढवतं आणि घशाला जाळणारी जड अल्कोहोलंही. एस्टर्स एक वेळ चालतील, जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला तर तो केळ्यासारखा वास हवाच असतो. जड अल्कोहोलं मात्र बाटलीत कितीही मुरवली तरी फारशी जात नाहीत.

म्हणून वर्ट, म्हणजे माल्टचं उकळलेलं गोड पाणी, 18 अंशांपर्यंत उतरल्याशिवाय यीस्ट घालू नकोस, 17 असेल तर आणखी चांगलं. ‘आधी घालतो, मग थंड करतो’ असं अजिबात नको. चव बिघडवणारं बरंचसं सुरुवातीला, यीस्ट वाढत असतानाच तयार होतं. पहिले तीन दिवस तू हे सांभाळलंस की निम्मी लढाई जिंकलास.

थंड ठेवायला आधी साधा टब घे. फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) अर्धा बुडेल एवढं पाणी, त्यात बर्फ झालेल्या बाटल्या, आणि त्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. वरून ओला टी-शर्ट चढवून पंखा लावला तर आणखी फरक पडतो, पण हवा दमट असेल तर त्यावर विसंबू नकोस. जुना फ्रिज आणि बाहेरून जोडायचा थर्मोस्टॅट मिळाला तर उत्तमच. फक्त सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नकोस. फर्मेंटरच्या अंगाला, द्रवाच्या पातळीखाली चिकटव आणि वर फोमचा जाड तुकडा बांध. नाहीतर फ्रिजमधली हवा मोजली जाईल आणि बिअर आत तापतच राहील.

फसफस ओसरायला लागली की उलट कर: 20-21 पर्यंत चढू दे आणि दोन-तीन दिवस तशीच ठेव. लोण्याच्या वासाचं डायअसिटाइल यीस्ट तेव्हाच खाऊन टाकतं. खात्री करायची तर थोडा नमुना झाकून गरम पाण्यात ठेव, मग पुन्हा गार करून हुंग. लोण्याचा वास आला तर बाटल्या भरायची घाई करू नकोस.

लागरचा, म्हणजे थंडीत आंबणाऱ्या बिअरचा, मोह मात्र फ्रिज मिळेपर्यंत आवर. तिला 10-12 अंश लागतात. जर्मनीतल्या बव्हेरियात 1553 साली 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर बनवायलाच बंदी घातली होती, कारण उन्हाळ्यातली बिअर बिघडायची.

यीस्टच्या पाकिटावर तापमानाची कोणती मर्यादा छापली आहे ते उलट टपाली कळव. मग तुझ्यासाठी नेमका आकडा ठरवू.

तुझाच,
मित्र