बालचित्रवाणीच्या फिती मुलांसाठी खुल्या व्हाव्यात

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पुरंदर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीच्या वर्गाला शिकवते, आणि याच तालुक्यातल्या अशाच एका शाळेत १९८७ साली मी स्वतः चौथीत होते. त्या वेळी आमच्या वर्गातल्या टीव्हीवर बालचित्रवाणी या पुण्याच्या संस्थेने शाळकरी मुलांसाठी केलेले शैक्षणिक कार्यक्रम लागत असत. आज ती संस्था उरलेली नाही, पण तिने केलेले कार्यक्रम हा महाराष्ट्रातल्या मुलांचा ठेवा आहे आणि तो त्यांच्यापर्यंत पुन्हा पोहोचला पाहिजे, एवढी एकच मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या शाळेचा टीव्ही फळीच्या सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत असे आणि तिच्या कुलपाची किल्ली गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात. कौलांवरच्या बांबूला बांधलेली अँटेना सिंहगडाच्या दिशेला धरावी लागे, कारण प्रक्षेपण तिथल्या मनोऱ्यावरून येई आणि मध्ये डोंगराच्या दोन सोंडा आडव्या. सातवीतला एक मुलगा वर चढून बांबू फिरवायचा, एक जण दारात उभा राहायचा, आणि वर्गातून ‘आलं, आलं’ किंवा ‘गेलं’ असा पुकारा त्याच्यामार्फत कौलांवर पोहोचायचा. मुंग्या कमी होऊन चेहरे दिसू लागले की सगळा वर्ग गप्प होई. सुरुवातीची धून वाजू लागली की पाठ्यपुस्तके आपोआप मिटली जात. मधेच वीज गेली, तर तो भाग कायमचा हुकला असे समजायचे.

त्या कार्यक्रमांपैकी एक मला आजही जसाच्या तसा आठवतो. एका शाळेच्या अंगणात आमच्याच वयाचा एक मुलगा काठी रोवून दिवसभर तिची सावली मोजत होता. तो बोलायचा तोही आमच्यासारखाच, गावाकडच्या हेलात, आणि मोजताना चुकला की पुन्हा मोजायचा. शेवटी हे तुमच्या गावात करून पाहा, असे सांगून कार्यक्रम संपला. डिसेंबरचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी शेवरीची सरळ काठी आणवली, ती जमिनीच्या वर बरोबर एक मीटर राहील अशी रोवली आणि दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी चुन्याची खूण करण्याचे काम आमच्याकडे दिले. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो, म्हणजे सावली सर्वांत लहान बारालाच असणार, हे आम्ही आधीच ठरवून टाकले होते. पण बारा वाजता ती ९० सेंटीमीटर भरली, साडेबाराला ८८ च्या थोडी पुढे आणि एक वाजता ९१. घड्याळच बिघडले आहे, असे आमचे सर्वांचे एकमत झाले. मग गुरुजींनी भिंतीवरचा नकाशा खाली उतरवला आणि साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर बोट ठेवून सांगितले की साऱ्या देशाची घड्याळे त्या रेषेवरच्या सूर्याप्रमाणे चालतात, आपण तिच्या बऱ्याच पश्चिमेला आहोत, म्हणून आपली खरी दुपार सुमारे अर्ध्या तासाने उशिरा होते. शिवाय डिसेंबरात ऐन दुपारीही सूर्य आपल्या डोक्यावर येत नाही, दक्षिणेला कललेला राहतो, हेही त्याच सावलीने दाखवले. हे सगळे पुस्तकात होते आणि आम्ही ते पाठही केले असते, पण घड्याळावर शंका घेण्याची हिंमत आम्हाला त्या काठीने दिली आणि काठी अंगणात आली ती बालचित्रवाणीमुळे.

हे काही आपोआप घडलेले नव्हते. १९८३ मध्ये इन्सॅट १ बी हा उपग्रह अवकाशात गेल्यानंतर शाळकरी मुलांसाठी त्यांच्या भाषेत शैक्षणिक कार्यक्रम करण्याकरिता सहा राज्यांत स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांतली महाराष्ट्राची संस्था म्हणजे १९८४ साली पुण्यात सुरू झालेली बालचित्रवाणी. ५ ते ८ आणि ९ ते ११ असे दोन वयोगट डोळ्यांपुढे ठेवून हे कार्यक्रम आखले जात. सर्वच कार्यक्रम सारख्या दर्जाचे होते असे मी म्हणणार नाही. काही भाषणवजा होते, आणि ते लागले की आम्ही खिडकीबाहेर पाहत असू. तरीही पडद्यावरचे मूल महाराष्ट्रातले आहे, मराठीतच विचार करते आहे आणि एखाद्या गोष्टीचा छडा लावते आहे, हे दृश्य आम्हाला आठवड्यातून अनेकदा दिसे. माझ्या वर्गातल्या मुलांना ते क्वचितच दिसते. त्यांच्या पडद्यावरची मराठी बहुतेक वेळा परक्या चित्रांवर चढवलेली असते, आणि मराठी मूल दिसलेच तर ते परीक्षकांसमोर गुणांसाठी उभे असते.

केंद्राचे अनुदान थांबल्यावर या संस्थेचा खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडला, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ साली राज्य सरकारने ती बंद केली. पुढे दृक्‌श्राव्य साहित्याचे काम ई-बालभारतीच्या रूपाने बालभारतीकडे आले. त्या निर्णयावर आता नव्याने वाद घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझी काळजी फितींची आहे.

त्या काळी टीव्हीच्या निर्मितीत यू-मॅटिक आणि नंतर बीटाकॅम या चुंबकीय फिती वापरात होत्या. ज्या चिकट द्रव्याने चुंबकीय थर फितीला धरून ठेवलेला असतो, ते हवेतला दमटपणा शोषून हळूहळू निकामी होते, मग फीत यंत्रात फिरताना तो थर खरवडून निघतो आणि त्यासोबत चित्र व आवाजही कायमचा जातो. पावसाळ्यातली बुरशी वेगळीच. फीत शाबूत राहिली, तरी ती वाजवणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. सोनी कंपनीने बीटाकॅम कॅसेटची विक्रीसुद्धा २०१६ साली थांबवली. म्हणून हे काम पुढच्या अंदाजपत्रकात पाहू असे म्हणून लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

शासनाने आणि बालभारतीने सर्वांत आधी या कार्यक्रमांची सूची लोकांसमोर ठेवावी. कार्यक्रमाचे नाव, विषय, वर्ष, वयोगट आणि फितीची आजची अवस्था एवढे त्यात असले तरी पुरे. मग ज्या फिती सर्वांत धोक्यात आहेत त्यांचे डिजिटल रूपांतर आधी हाती घ्यावे आणि ते कार्यक्रम कोणत्याही शिक्षकाला, पालकाला, मुलाला विनाशुल्क उतरवून घेता येतील अशा रीतीने खुले करावेत, कारण ते लोकांच्याच पैशातून झालेले आहेत. जुन्या दृक्‌श्राव्य साहित्याच्या जतनाचे जाणकार शोधायला दूर जावे लागणार नाही, १९६४ पासूनचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे. आणखी एक गोष्ट मला फार निकडीची वाटते. तिथे काम केलेले निर्माते, कॅमेरामन, संकलक, लेखक आणि बाहुल्या नाचवणारे कलावंत यांच्यापैकी जे आपल्यात आहेत त्यांना या कामात बोलावून घ्यावे. कोणत्या डब्यात काय आहे, हे डब्यावरच्या पुसट चिठ्ठीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असेल.

आमच्यासारख्या शाळांत आता लोकवर्गणीतून घेतलेले मोठे टीव्ही भिंतीवर आहेत. सिंहगडाकडे अँटेना वळवण्याची गरज राहिलेली नाही. दाखवायला काय आहे, एवढाच प्रश्न उरतो. आपल्या वाचकांपैकी कोणी लहानपणी बालचित्रवाणीच्या चित्रीकरणात भाग घेतला असेल, तर त्यांनीही आपल्या आठवणी आपल्या स्तंभातून अवश्य लिहाव्यात. त्या अंगणात सावली मोजणारा मुलगा आज पन्नाशीला टेकला असेल, आणि हे पत्र त्याच्या वाचनात यावे असे मला मनापासून वाटते.

त्या डिसेंबरातल्या मोजमापांची वही माझ्या वडिलांनी जपून ठेवली होती, ती आता माझ्याकडे आहे. ९०, ८८ आणि ९१ हे आकडे पेन्सिलीने लिहिलेले आहेत आणि त्यांच्यापुढे ‘घड्याळ चुकले?’ असे लिहून गुरुजींनी लाल शाईने खाली रेघ ओढली आहे. येत्या डिसेंबरात माझ्या चौथीच्या मुलांसोबत मी पुन्हा काठी रोवणार आहे. त्याआधी तो कार्यक्रम त्यांना दाखवता आला, तर फार बरे होईल.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
पुरंदर तालुका, जिल्हा पुणे