‘साठी’ने संपणारे शब्द सापडले, थँक्यू ताई!

प्रिय ताई,

चॅटवर थँक्यू म्हणून झालंय पण तेवढ्यावर माझं भागत नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तू जे सांगितलंस ते पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येकाला लागणारच आहे.

‘साठी’ने संपणारे शब्द वेगळे काढायचे, दिसायला साधं काम, पण रेजेक्सच्या, म्हणजे मजकूर शोधायच्या सांकेतिक भाषेतल्या, पॅटर्नमध्ये ‘साठी’च्या पुढे शब्दाची हद्द दाखवणारा बॅकस्लॅश बी लावला की ‘घरासाठी’ सापडायचाच नाही आणि का ते इथे कुणालाच सांगता येईना. तू लगेच म्हणालीस, अरे शेवटची ती दुसरी वेलांटी बघ, रेजेक्स काना-वेलांटीला शब्दाचा भाग धरतच नाही, त्याच्या हिशेबाने शब्द ‘ठ’लाच संपला! मग मजकुरातली चिन्हं मोजणारं लेन लावून ‘साठी’ची लांबी ४ येते ते दाखवलंस, स, काना, ठ, वेलांटी, आणि सगळं उलगडलं.

पॅटर्नमध्ये शेवट दाखवणाऱ्या डॉलर चिन्हाचंही तसंच. एकाच ओळीवर डॉलरवाला पॅटर्न जुळायचा आणि मजकूर अमुक तुकड्याने संपतो का ते सांगणारं एंड्सविथ फॉल्स, म्हणजे ‘नाही’, द्यायचं. फाईलमधून वाचलेल्या ओळीला शेवटी न्यूलाईन, म्हणजे ओळ संपल्याची न दिसणारी खूण, चिकटलेली असते, डॉलर तिच्या आधीही जुळतो, एंड्सविथ मात्र अगदी टोक बघतं. रेजेक्समध्येच तेवढं कडक हवं तर डॉलरऐवजी बॅकस्लॅश कॅपिटल झेड.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मजकुराच्या शेवटची चिन्हं काढणाऱ्या आरस्ट्रिपचं. आमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये तेच होतं, आणि ‘घरासाठी’चं ‘घर’ व्हायचं म्हणून कुणाला शंकाही आली नाही. तू ‘माणसासाठी’ टाकून बघायला लावलंस तर उरलं ‘माण’! ते ‘साठी’ हा तुकडा बघतच नाही, त्या चारातलं जे दिसेल ते शेवटाकडून खात सुटतं. पायथन ३.९ पासूनचं, शेवटचा नेमका तुकडाच काढणारं रिमूव्हसफिक्स मात्र नीट ‘माणसा’ देतं, म्हणजे सामान्यरूप शाबूत राहतं आणि आमचं पुढचं सगळं काम त्याच्यावरच आहे गं.

आता ओळ स्प्लिट करून शब्द सुटे करतो, विरामचिन्हं काढतो आणि ‘साठी’, ‘मध्ये’, ‘पर्यंत’ वगैरे टपलमध्ये, म्हणजे न बदलणाऱ्या यादीत, घालून एकदमच एंड्सविथला देतो, लिस्ट दिली तर ते घेत नाही हेही तूच सांगितलेलं. स्वतःचं काम बाजूला ठेवून तू इतका वेळ बसलीस, एकदाही घाई केली नाहीस, त्याचे मनापासून आभार.

‘साठीच’ आणि ‘साठीसुद्धा’ अजून उरलेत, टेस्ट लिहून पाठवतो, सवडीने बघ.

तुझा,
टीममधला धाकटा