आयुक्तसाहेब, नोटीस देता, मग राहायचं कुठे तेही सांगा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की विभाग कार्यालयांतून महापालिका कायद्यातल्या कलम 354 च्या, धोकादायक इमारतींसाठीच्या नोटिसा निघतात. इमारत सी-1, अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करा. लोक हलले नाहीत की आधी पाणी तुटतं, मग वीज. तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली सासू असलेली बाई जिन्यात चिकटवलेला तो कागद वाचते आणि दार लावून घेते. जिवाची भीती तिलाही आहे. पण खोली सोडलेले शेजारच्या गल्लीतले लोक आज नालासोपाऱ्यात भाडं भरताहेत आणि त्यांच्या प्लॉटवर नुसते पत्रे उभे आहेत, हे ती रोज बघते.

कुर्ल्याच्या नाईकनगरमध्ये जून 2022 मध्ये इमारत पडून 19 जण गेले. तिला 2013 पासून नोटिसा होत्या. पुढे मजबुतीच्या ऑडिटमध्ये ती दुरुस्तीयोग्यही ठरली! म्हणजे कागद कमी पडले नव्हते.

शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या, चाळींना निदान म्हाडाची संक्रमण शिबिरं, म्हणजे तात्पुरती घरं, आहेत. तिथे पिढ्या गेल्या, तो भाग वेगळा. उपनगरातल्या पागडीवाल्यांना, म्हणजे मालकाला आगाऊ रक्कम देऊन थोड्या भाड्यात राहणाऱ्यांना, तेवढाही आसरा नाही.

चेंबूरजवळच्या माहुलमध्ये रिकामी घरं आहेत, असं कुणी सुचवेल. कृपया ऐकू नका. तानसा जलवाहिनीलगतच्या लोकांना तिथे रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन टाकलं. एप्रिल 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला बजावलं की सक्तीने तिथे पाठवू नका. दुसरी घरं देता येत नसतील तर दरमहा 15,000 रुपये भाडं आणि 45,000 अनामत द्या. 2025 मध्ये पालिकेने तिथली घरं 12 लाख 60 हजारांत आपल्याच कर्मचाऱ्यांना देऊ केली. त्यांनीही पाठच फिरवली.

मग न्यायालयाने दाखवलेली तीच वाट सी-1 इमारतींसाठी का नाही? नोटिशीसोबत भाड्याचे पैसे द्या, निदान मुलांची शाळा सुटणार नाही इतक्या जवळ खोली मिळेल एवढे. खर्च पालिकेने कायमचा सोसावा असं नाही. मिळकत पत्रिकेवर त्याचा बोजा चढवा आणि तो फिटेपर्यंत मालकाला किंवा बिल्डरला सीसी, म्हणजे नवं बांधकाम सुरू करण्याचा दाखला, देऊ नका. घरमालक ओरडतील. ओरडू देत, इतकी वर्षं दुरुस्ती टाळून इमारत पडायची वाट त्यांनीच पाहिली.

आणि पैशांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे मोजमापाचा दाखला. कोण भाडेकरू, कोणती खोली, किती चौरस फूट, हे पालिकेच्या सहीशिक्क्यानिशी कुलूप लागण्याआधी हातात पडलं पाहिजे. आज बऱ्याचदा त्यासाठी इमारत पाडल्यावर वॉर्डात खेटे घालावे लागतात; तोवर मोजायला भिंतच उरलेली नसते.

यंदाची सी-1 यादी जाहीर कराल तेव्हा प्रत्येक इमारतीपुढे दोन रकाने वाढवा: किती कुटुंबांना दाखले दिले, किती जणांचं भाडं सुरू झालं.

आपला,
पागडीचा एक भाडेकरू, कुर्ला