उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहू? : अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी एक ताई रेशनचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या. चेंबूरला तीन घरची धुणीभांडी करतात. नवरा सकाळी नाक्यावर उभा राहतो. काम लागलं तर लागलं, नाहीतर अकरा वाजता घरी. तीन मुलं. घरात केशरी कार्ड आहे, पण कार्डावर धान्य चालू नाही. नाव, पत्ता, आधार नंबर असं सगळं मी भरत गेले आणि ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ या रकान्यापाशी थांबले. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “ताई, इथे किती लिहायचं असतं?”

किती मिळतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. किती लिहिलं की पोरांना तांदूळ मिळतो, हे त्या विचारत होत्या.

मी मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंडमध्ये राहते. आधी आमचं झोपडं रेल्वे रुळांच्या कडेला होतं, मग पुनर्वसनात ही इमारतीतली खोली मिळाली. आमच्या महिला मंडळाच्या आम्ही सातजणी दर शनिवारी संध्याकाळी जिन्याखाली टेबल मांडून बसतो आणि रेशनची कामं करतो. नाव चढवणं, नाव कमी करणं, पत्ता बदलणं, रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसतो का ते बघणं. कुणी पगार देत नाही, आम्ही मागतही नाही. पंधरा-सोळा वर्षं हे चाललंय. त्यात जे दिसलं ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

आपल्या राज्यात शहरातल्या कुटुंबाला प्राधान्य गटात, म्हणजे ज्यांना कार्डावर धान्य मिळतं त्या गटात, बसायचं असेल तर वर्षाचं उत्पन्न 59,000 रुपयांच्या आत हवं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 साली झाला, फेब्रुवारी 2014 पासून महाराष्ट्रात लागू झाला, तेव्हाचा हा आकडा. महिन्याचे होतात 4,917 रुपये. दिवसाचे 162 रुपयेसुद्धा भरत नाहीत, आणि हे एका माणसाचं नाही, सगळ्या कुटुंबाचं उत्पन्न. मानखुर्दला दहा बाय बाराच्या खोलीचं भाडंच एवढं होतं. सरकारने ठरवून दिलेलं किमान वेतन घरातल्या एका माणसाला जरी पुरतं मिळालं, तरी ते घर या मर्यादेच्या बाहेर जातं. म्हणजे मालकाने कायदा पाळला की मजुराचं रेशन गेलं. त्याच सरकारने 2024 साली लाडकी बहीण योजना आणली तेव्हा उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. तीच बाई, तेच घर, तोच पगार. एका विभागाच्या लेखी ती मदतीला पात्र आणि तुमच्या विभागाच्या लेखी तिला तांदळाची गरज नाही?

या मर्यादेने आणखी एक वाईट गोष्ट केली आहे, आणि मला तिचाच जास्त राग आहे. ज्या बाया आयुष्यात कुणाचा रुपया बुडवत नाहीत, मालकिणीच्या घरात पडलेलं नाणं उचलून टेबलावर ठेवतात, त्यांना आपण सही करून खोटं लिहायला लावतो. आणि मग कधी पडताळणी निघाली की ती कागदावरची सही त्यांच्याच मानेवर बसते. त्या शनिवारी मी ताईंचा रकाना कोरा ठेवला. खरं लिहिलं तर फॉर्म फेटाळला जाणार. खोटं लिहायला माझा हात धजला नाही. फॉर्म अजून माझ्या पिशवीत आहे.

समजा मर्यादेत बसलं, तरी पुढे इष्टांक उभा, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं याचा आधीच ठरलेला आकडा. इष्टांक हा शब्द सरकारी कागदातला. आता तो आमच्या वस्तीत चौथी शिकलेल्या बाईच्याही तोंडी आहे. “इष्टांक संपला म्हणतात साहेब.” कायद्याने महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 7 कोटी माणसं आली, शहरी लोकसंख्येपैकी 45.34 टक्के. ही मोजणी 2011च्या जनगणनेवरची. कायद्याचं कलम 9 सांगतं की अखेरच्या प्रसिद्ध जनगणनेवर संख्या ठरेल, आणि 2021ची जनगणना झालीच नाही. 2011 साली मुंबईत 1 कोटी 24 लाख माणसं मोजली होती. त्यानंतर लगेच इथे जन्मलेलं पोर आता हायस्कुलात आहे. त्याचं पोट सरकारच्या हिशोबात अजून आलेलं नाही. मग कुणी मेलं, कुणी गाव गाठलं, कुणाचं नाव कमी झालं, की जागा रिकामी होते आणि दुसऱ्याचा नंबर लागतो. शेजारणीचं कार्ड बंद व्हायची वाट बघायची वेळ माणसावर यावी, हे मला सहन होत नाही.

यावर सर्वोच्च न्यायालय बोललेलं आहे. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने सांगितलं की ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंद असून रेशनकार्ड नाही अशा देशभरातल्या सुमारे 8 कोटी मजुरांना तीन महिन्यांत कार्ड द्या. मार्च 2024 मध्ये पुन्हा बजावलं, इष्टांकाची अडचण आड आणू नका. आमच्या वस्तीत ई-श्रमचं कार्ड प्लास्टिकमध्ये घालून जपून ठेवलेली माणसं गल्लीगल्लीत सापडतील. त्यातल्या बहुतेकांना ते दाखवून अजून धान्याचा एक दाणा मिळालेला नाही.

मला थोडं घरचं सांगू द्या. माझी आई लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे गिरणी कामगार आमच्या खोलीत दोन पंगतींत जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. तोवर किराणा उधारीवर, व्याज आईच्या डोक्यावर. 1975 साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायांना सावकाराच्या दारातून उठवून बँकेच्या दारात नेलं. आई त्यांचं नाव घेताना हात जोडायची. त्याच्याआधी, 1972-73च्या दुष्काळात, मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या मैत्रिणी महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा आईने स्वयंपाकातलं लाटणं तसंच पीठ लागलेलं मोर्चात नेलं होतं. मग 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी. आईच्या खानावळीतल्या अकरा जणांनी पैसे द्यायचं थांबवलं, कारण द्यायला काही नव्हतं. आईने ताट मात्र थांबवलं नाही. आधी तिची तांब्याची घागर गेली, मग हंडा, मग मंगळसूत्रातली वाटी. त्या दिवसांत आमच्या घरात रेशनच्या गव्हाची चपाती होती म्हणून अकरा माणसं जेवली. चपाती जाड व्हायची, कडेला तडकायची, पण व्हायची. तेव्हा रेशन जवळपास सगळ्यांना होतं. तुम्ही किती कमवता हे विचारून आईला कुणी परत पाठवलं नाही.

रेशनची पिशवी अशी एका घरापुरती राहत नाही. जिच्या घरात दाणे असतात ती शेजारच्या बाळंतिणीला पेज करून देते. मार्च 2020 नंतर टाळेबंदीत हेच झालं. त्या वेळी या शहरात ‘खाना चाहिए’सारखी मंडळी उभी राहिली, गुरुद्वारांचे लंगर चालू राहिले, तरुण पोरांनी टेंपो भरभरून जेवण वाटलं. आजही परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर गावाकडून आलेल्या कॅन्सरच्या पेशंटच्या नातेवाइकांना कुणी ना कुणी जेवण आणून देतं. गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत पहिलं काय सांगितलं, तर भुकेलेल्यांना अन्न. ते ऐकणारी माणसं मुंबईत कमी नाहीत. पण डेकोरेटरच्या भांड्यातली खिचडी एका वेळची असते. महिन्याचे पाच किलो हक्काचे असतात, ते कुणापुढे हात न पसरता घरी आणता येतात. पाच माणसांच्या घराला 25 किलो. वाण्याकडे तेवढ्याला हजार-अकराशे रुपये मोजावे लागतात. ते वाचले की दूध येतं, कधी अंडी येतात. आपल्या राज्यात पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, हे 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. त्या मुलांना उंची हवी असेल तर ते दूध आणि ती अंडी कुठून येणार, याचा हिशोब या हजार रुपयांतच आहे.

आता अंगठ्याबद्दल. हे मी रोज बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या. वीस-बावीस वर्षं भांडी घासली. कार्ड आहे, धान्य चालू आहे, नाव ऑनलाइन आहे. दुकानात गेल्या की आधारशी बोटांचे ठसे जुळवणाऱ्या ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवतात. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवतात. लाल. मग पहिलं बोट, मधलं बोट, मग डावा हात. मागून रांगेतले लोक ओरडायला लागतात. दुकानदार बिचारा ओलं फडकं देतो, बोट केसांवर घासायला सांगतो, दाबून धरा म्हणतो. मी जवळून पाहिला आहे तो अंगठा. साबण, राख, तारेची घासणी यांनी रेषा पुसून गेल्या आहेत, कातडी गुळगुळीत झाली आहे, हरभऱ्याच्या डाळीसारखी. ओटीपी घ्यावा तर मोबाइल नंबर मुलाचा, आणि मुलगा वेगळा राहतो. “पुढच्या आठवड्यात या, मावशी.” पुढच्या आठवड्यात सर्व्हर बंद. तिसऱ्या खेपेला एका घरचा खाडा पडला आणि मालकिणीने पैसे कापले. केंद्राच्या अन्न विभागाने 2017 सालीच राज्यांना लेखी कळवलं आहे की नुसतं आधार जुळत नाही म्हणून कुणाला धान्य नाकारायचं नाही, दुसरी ओळख बघून द्या आणि वहीत नोंद करा. ती वही मी अजून एकाही दुकानात उघडलेली पाहिलेली नाही. दुकानदाराला दोष देत नाही. मशीनशिवाय धान्य दिलं तर पुढच्या महिन्याचा हिशोब त्याच्या गळ्यात येतो, म्हणून तो घाबरतो.

शिवभोजनाचंही सांगते. 26 जानेवारी 2020ला ती थाळी सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. हमाल, रिक्षावाले, एकटे राहणारे म्हातारे यांना तिचा फार आधार झाला. माझ्या ओळखीच्या एक ताई केंद्र चालवतात. शहरातल्या थाळीमागे सरकार चाळीस रुपये देतं, पण ते महिनोन्‌महिने येत नाहीत. तेव्हा त्या उधारीवर गॅस आणतात, बचत गटातून कर्ज काढतात. माझ्या आईच्या खानावळीत जे व्याज होतं, तेच आज त्यांच्या डोक्यावर आहे, फक्त या वेळी पैसे थकवणारं गिऱ्हाईक सरकार आहे.

मंत्री महोदय, उत्पन्नाची मर्यादा वाढवणं राज्याच्या हातात आहे, केंद्राची वाट बघायचं कारण नाही. निदान लाडक्या बहिणीसाठी जी मर्यादा चालते ती अन्नासाठी चालू द्या. केंद्राच्या इष्टांकापलीकडच्या कुटुंबांना राज्याने स्वतःच्या तिजोरीतून धान्य द्यावं. ई-श्रम कार्ड असलेल्यांपासून सुरुवात करा, न्यायालयाचा आदेश हाताशी आहेच. ज्यांचे अंगठे उमटत नाहीत त्यांची यादी प्रत्येक दुकानाने करावी आणि त्यांना वहीवर सही घेऊन धान्य मिळावं, तसं परिपत्रक मराठीत, मोठ्या अक्षरात दुकानाच्या दारावर लावावं. कायद्याने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे, त्याचं नाव आणि फोन नंबर त्याच फलकावर हवा. दक्षता समित्या कागदावर आहेत. त्यात आमच्यासारख्या बायांना घ्या, आम्ही फुकट काम करू. आणि शिवभोजनाची थकलेली बिलं आधी चुकती करा, बाकीचं मग.

कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान बाईचं नाव असतं. तिला त्या कार्डाचा मान मिळावा एवढं मागते आहे.

आमचं टेबल दर शनिवारी संध्याकाळी पाचला मांडतो आणि नऊपर्यंत बसतो. आपण यावं, आपल्या सचिवांना पाठवावं, नाहीतर शिधावाटप कार्यालयातल्या एखाद्या निरीक्षकाला तरी बसवावं. त्या ताईंना मी येत्या शनिवारी पुन्हा बोलावलं आहे, फॉर्म पुरा करायला. रकान्यात काय लिहायचं ते तोवर कळवलंत तर बरं होईल.

आपली,
महिला मंडळाची एक रेशन कार्यकर्ती,
मानखुर्द, मुंबई