संकष्टीच्या रात्री आमचं टेबल सांभाळणाऱ्या दादांना

स. न. वि. वि.

तुमचं नाव शर्टावरच्या पट्टीवर होतं. आईनं ते वाचलं आणि पाणी येईपर्यंत तुमचं गावही विचारून घेतलं. दोन्ही इथे लिहीत नाही, हॉटेलचं नावही नाही. पत्र तुम्हाला न सांगता लिहितेय, तेव्हा चारचौघांत नाव घेणं बरं नव्हे. ओळख पटायला एवढं पुरे: फेब्रुवारीतली संकष्टी, लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारातलं तुमचं हॉटेल, खिडकीलगतचं चौघांचं टेबल आणि पांढऱ्या नॅपकिनवर घेवडा निवडत बसलेले टोपीतले गृहस्थ. ते माझे वडील.

नवऱ्याला बढती मिळाली म्हणून ही मेजवानी होती. आई-अण्णा गावाहून ठाण्याला येतात, पण आठवडा व्हायच्या आत त्यांना गोठा आठवायला लागतो. त्यामुळे जी तारीख मिळाली ती घेतली आणि ती नेमकी संकष्टी निघाली. आई म्हणाली, "मी नुसती बसेन." नुसतं बसायचे पैसेही तुमच्याकडे काही कमी नसतात, हे तिला सांगितलं नव्हतं.

दारातल्या मुलीनं अण्णांच्या टोपीकडे पाहून आमचं बुकिंग दोनदा तपासलं. तिच्या मनात काही नसेलही. पण अण्णा तेवढ्यानंच अवघडले, खुर्चीच्या कडेवर टेकून बसले. तेवढ्यात तुम्ही आलात आणि "काका, मागं सरकून बसा, निवांत आहे" म्हणालात. मेन्यू इंग्रजीत, बारीक अक्षरात, त्यात दिवा मंद. तुम्ही तो वाचून दाखवला नाहीत. अण्णांनी बोट ठेवलं की सांगत गेलात: ही नाचणीची भाकरीच, पण आंबवून केलेली, हा पांढरा कांदा अलिबागचा, अख्खा निखाऱ्यात भाजलेला, ही स्ट्रॉबेरी भिलारची. भिलार म्हटल्यावर आई लगेच म्हणाली, "ते पुस्तकांचं गाव!" तिथून पुढे ती पाहुणी राहिली नाही.

उपासाचं तुम्हाला मीच सांगितलं. अशा ठिकाणी संकष्टी म्हटलं की चेहरा कोरा होतो, नाहीतर फळांची बशी येते. तुम्ही विचारलंत, "चंद्रोदय कितीला?" मग फोनमध्ये पाहून स्वतःच म्हणालात, "साडेनऊच्या पुढे आहे. काकूंचं ताट तोवर थांबवायला सांगतो, सगळ्यांबरोबर नको." सगळ्या टेबलाचे पदार्थ एकदम काढायची तुमच्या स्वयंपाकघराची शिस्त. त्यात एक ताट मागे ठेवायचं म्हणजे काय, हे आत काम करणाऱ्यालाच ठाऊक. तोवर आईला शहाळं आलं.

उपास सोडल्यावरही तिला कांदा-लसूण चालत नाही. इथे तुमचं खरं ज्ञान दिसलं. मला वाटत होतं, भाज्यांचे चार पदार्थ आहेत, त्यातलं काहीतरी होईल. तुम्ही एकेक बाजूला काढलंत. सूप नको, त्याच्या पाण्यात कांदा उकळलेला असतो. भाजलेला भोपळा नको, त्याच्यावरच्या तेलात लसूण आहे. बीट चालेल. आणि भात. मेन्यूवर आजऱ्याचा घनसाळ माशाखाली लपला होता. तो तुम्ही माशाशिवाय मागून आणलात, वर तूप आणि सोबत मुगाचं साधं वरण. ते वरण मेन्यूत कुठेच नव्हतं. मी विचारल्यावर हळूच म्हणालात, "आमच्या स्टाफच्या जेवणातलं आहे मॅडम. कांदा नाही, मी बघितलंय."

आणि चंद्र. टॉवरांच्या दाटीत चतुर्थीचा चंद्र पंचांगाच्या वेळेला दिसणार कसा? तुम्ही आईला मागच्या दारानं, भाज्यांच्या क्रेटमधून वाट काढत, मालाच्या गाड्या लागतात तिथे घेऊन गेलात. मी मागोमाग आले होते. दोन इमारतींच्या फटीत तो दिसेपर्यंत तुम्ही तिच्याशी तिच्या गुडघ्यांबद्दल बोलत होतात. तिनं पर्समधून गूळ-खोबऱ्याची पुडी काढली, तर तुमच्या हातात बशी तयार. नैवेद्यातलं थोडं तुम्हालाही मिळालं. भात पहिल्या घासाला चाखून ती म्हणाली, "तांदूळ जुना आहे." तुम्ही क्षणभर बावरलात. अहो, ती शाबासकी होती. जुना तांदूळ मोकळा शिजतो, नव्याचा गिच्च गोळा होतो.

आता घेवडा, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

आम्ही पिंपोड्याकडचे, साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्याच्या उत्तर अंगाचे. वाघ्या घेवडा हे आमचं खरिपाचं पीक. पावसाच्या तोंडावर पेरायचा, सत्तर-पंचाहत्तर दिवसांत काढायचा, की रान ज्वारीला मोकळं. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावायचं. तोवर तो आमच्याकडून पोत्यांनी निघून उत्तरेत राजमा म्हणून खपायचा, आजही बराचसा तसाच जातो. मानांकन मिळालं म्हणून शेतकऱ्याच्या हाती आपोआप काही पडत नाही; ते नाव अधिकृतपणे वापरायचं तर त्याला स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. तेवढी खटपट किती जण करणार? आणि मुंबईच्या मेन्यूवर ‘कोरेगावचा वाघ्या घेवडा’ छापायला काही खटपट लागत नाही.

अण्णांनी ते नाव मेन्यूवर ऐकलं आणि दुसरं काही मागवलंच नाही. खोलगट ताटलीत मधोमध मूठभर घेवडा, भाजलेल्या टोमॅटोचा रस, वर कसली तरी कोवळी पानं. दोन दाणे त्यांनी चावून बघितले आणि तुम्हाला विचारलं, "कुणाच्या रानातला हाय ह्यो?"

मी इतक्या महागड्या जागी जेवलेय की या प्रश्नाची उत्तरं मला पाठ आहेत. "आमच्या पार्टनर शेतकऱ्यांकडून येतो." "सेंद्रिय आहे, सर." एका ठिकाणी तर थेट "सह्याद्रीतून" असं उत्तर मिळालं होतं, आता सह्याद्री केवढा! तुम्ही म्हणालात, "काका, माहीत नाही. विचारून येतो."

आणि खरंच आत गेलात. शनिवारची रात्र, सगळी टेबलं भरलेली. परत येऊन सांगितलंत की तालुक्यातल्या एका शेतकरी गटाकडून पोतं येतं, गाव शेफना नक्की सांगता येत नाही, माल मागच्या खरिपाच्या आधीचा असावा. यातलं ‘नक्की सांगता येत नाही’ गाळायला किती सोपं होतं!

अण्णांचा पुढचा मुद्दा तुम्हाला गंमतीचा वाटला असेल, पण तो रास्त होता. वाघ्याची ओळख म्हणजे फिकट तांबूस दाण्यावरच्या लाल रेघा. शिजला की रेघा जातात, सगळा दाणा एकरंगी होतो. मग ताटलीतला घेवडा वाघ्याच आहे हे ओळखायचं कसं? मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबत होते. तुम्ही मात्र पुन्हा आत गेलात आणि वाटीभर कच्चा घेवडा घेऊन आलात.

तो त्यांनी नॅपकिनवर पसरला. चष्मा कपाळावर सरकवला, कारण जवळचं त्यांना तसंच दिसतं. एकेक दाणा बोटानं सरकवत गेले. बहुतेक दाणे रेघांचे, काही नुसते लाल, ते वेगळे काढले. एक दाणा दाताखाली धरला, नखानं साल उचकटून बघितली. "वाघ्याच हाय. थोडी भेसळ हाय, ती खळ्यावरच होती. पण जुना हाय, म्हणून साल राहिलीया." एव्हाना शेजारच्या टेबलावरच्या बाईही मान वळवून बघत होत्या. मग शेफ बाहेर आले. तुम्हीच त्यांना आणलंत, आमच्यापैकी कोणी बोलावलं नव्हतं. अण्णा त्यांना सोडा न घालता घेवडा मऊ कसा करायचा ते सांगत होते आणि तुम्ही मागे उभं राहून ऑर्डरच्या पॅडवर लिहून घेत होतात. शेफचं मराठी बेताचं, अण्णांचं हिंदी त्याहून बेताचं. मधलं सगळं तुम्ही निभावलंत.

अमेरिकेत बर्कलीला अ‍ॅलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये ‘शे पानीस’ हे हॉटेल सुरू केलं. मेन्यूवर शेताचं नाव छापायची रीत जगभर पसरली, त्यात त्या हॉटेलचा वाटा मोठा. आपल्याकडे कुलाब्याच्या ‘द टेबल’नं अलिबागेत स्वतःचा मळाच केला. मळा स्वतःचा असेल तर विचारणाऱ्याला उत्तर घरातच मिळतं. तुमच्यासारख्या हॉटेलांचं तसं नाही. माल दहा ठिकाणांहून येतो, मेन्यू छापणारा वेगळा, माल घेणारा वेगळा, रांधणारा वेगळा. शेत ते ताट या वाटेवरचा शेवटचा माणूस तुम्ही आणि प्रश्न विचारला जातो तो फक्त तुम्हाला. तो माणूस ठोकून देणारा असेल, तर मेन्यूवरची गावांची नावं नक्षीपुरती. माझं हे मत त्या रात्री पक्कं झालं.

बिलाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर पत्र फारच गोड होईल. घेवड्याच्या त्या मूठभराची किंमत अण्णांनी चोरून पाहिली आणि पोत्याच्या भावाशी ताडून बघितली. तुमच्यासमोर ते काही बोलले नाहीत. गाडीत म्हणाले, "जागेचं भाडं असंल, एवढी माणसं पगारावर हायती." मला ते इतकं सहज पटत नाही. गावाच्या नावावर जो भाव लावता, त्यातलं काही गावाकडे जातं का, हा माझा प्रश्न उभाच आहे. तो तुमच्या मालकांसाठी, तुमच्यासाठी नाही. तुमच्या कामाबद्दल मॅनेजरना वेगळं कळवलं आहे, कारण बिलातल्या सर्व्हिस चार्जपैकी तुमच्यापर्यंत किती पोचतं ते मला दिसत नाही आणि रोख दिलेलं तुम्ही "सगळ्यांत वाटलं जातं" म्हणून पेटीत टाकलंत.

अण्णांचा निरोप आहे, तो जसाच्या तसा देते. यंदाचा घेवडा भाद्रपदात निघेल. पाच किलो तुमच्या शेफच्या नावानं पाठवणार आहेत, पैसे घेणार नाहीत, पण शिजवून कसा झाला ते कळवायचं. पॅडवर राहिलं असेल तर पुन्हा सांगते: रात्रभर भिजवायचा, भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, मीठ आणि टोमॅटो दाणा मऊ झाल्यावरच, आधी नाही. आणि जुनं पोतं संपेपर्यंत त्याच्यात नवा मिसळू नका, दोन्ही एका वेळेला शिजत नाहीत.

आईनं तुमच्या गुडघ्यांनाही जपायला सांगितलंय. तुम्ही रात्रभर उभे असता, तिनं पाहिलंय.

आपली,
पिंपोड्याकडची एक माहेरवाशीण, मुक्काम ठाणे