रेकॉर्डिंगमधली तडतड: आई-बाबांना पत्र

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

बाबा, गाण्यात मधूनच तडतड येते म्हणालात. सेटिंगला हात लावण्याआधी तोच तुकडा तीनदा ऐका. तडतड दर वेळी त्याच अक्षरावर आली, तर ती रेकॉर्डिंगमध्येच उतरली आहे. जागा बदलत असेल तर गाणं शाबूत आहे, फक्त ऐकवताना कॉम्प्युटरची दमछाक होते. चांगलं गायलेलं उगाच पुसू नका!

बहुतेक वेळा दोष बफरचा असतो. कॉम्प्युटर आवाज घासाघासाने घेतो, त्या घासाचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (म्हणजे मोजमापं) धरले तर १२८ नमुन्यांचा घास जेमतेम २.७ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात तो संपला नाही की फट पडते, तीच तडतड. म्हणून ऑडिओ सेटिंगमध्ये बफर साइज २५६ करा, तरी थांबलं नाही तर ५१२. मात्र ५१२ वर तुमचाच आवाज कानात वीसेक मिलिसेकंद उशिरा येईल आणि लय ढळेल. त्यावर उपाय म्हणजे इंटरफेसवरचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवरचं) डायरेक्ट मॉनिटर, म्हणजे माइकचा आवाज थेट कानात देणारी सोय, चालू आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद. दोन्ही चालू राहिलं तर आवाज दुहेरी येतो. हेडफोन वायरचाच घ्या, ब्लूटूथचा आवाज फारच मागे राहतो.

आई, लेव्हल तू बघ. बाबांना सगळ्यात चढी तान घ्यायला सांग, गुणगुणणं नको, आणि लेव्हलचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहील इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) ठेव. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला नंतर कमी करूनही सांधत नाही.

मागे सतत घूं वाजत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. थांबलं तर अर्थिंगचा घोळ आहे. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढायची नाही, त्यात जिवाला धोका आहे.

पट्टी जवळपास दीड अर्धस्वराने (सेमिटोनने) चढलेली वाटली, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांवर घेतलेलं ४८,००० वर वाजतंय. प्रोजेक्ट आणि इंटरफेस, दोन्हीकडे एकच आकडा हवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. फोन कराल तेव्हा बफरचा आकडा आणि तडतड कोणत्या अक्षरावर येते, ते समोर लिहून ठेवा.

तुमची,
लेक